एफ.वाय.ला मानसशास्त्र शिकवायची ऑनलाइन साधनं : वर्गात वापरल्यावरचं मत

जून उजाडला की ठरावीक फोन येतात. "मॅडम, यंदा एफ.वाय.चं जनरल सायकॉलॉजी माझ्याकडे आलंय. ऑनलाइन काय काय वापरता?" विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच, तासिका तत्त्वावरचे. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात स्कूटर पळवायची असते, साधनं शोधत बसायला वेळ कुठला? प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. मत माझं आहे, आणि पुण्यात मत सौम्य करून सांगायची पद्धत नाही.

वर्ग कसा आहे ते आधी सांगते, कारण परदेशी परीक्षणं वाचताना नेमका हाच भाग गळतो. कॉलेज पेठेतलं. साधारण निम्मी मुलं मराठी माध्यमातून आलेली : भोर, इंदापूर, जुन्नर, करमाळा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, संध्याकाळी अभ्यासिकेत एमपीएससीची पुस्तकं उघडणारी. उरलेली कोथरूड, सिंहगड रस्त्याकडची, इंग्रजी माध्यमाची. मराठी छान बोलतात, पण 'अभिसंधान' (म्हणजे कंडिशनिंग) म्हटलं की दचकतात. फोन सगळ्यांकडे, लॅपटॉप मोजक्यांकडे. फोनमध्ये डेटा असतो, जागा नसते. नवं अ‍ॅप टाका म्हटलं की आधी लग्नातले व्हिडिओ पुसावे लागतात. वर्गात प्रोजेक्टर आहे. कॉम्प्युटर लॅबही आहे, पण ती कॉमर्सवाल्यांची. आठवडाभर आधी अर्ज दिला की एखादा तास पदरात पडतो.

माझी कसोटी सोपी आहे. साधन नुसतं समजावून सांगत असेल तर मला त्याचं अप्रूप नाही. समजावून सांगायचेच मला तासाचे पैसे मिळतात. मानसशास्त्राचा अभ्यासविषय वर्गातल्या प्रत्येक बाकावर जिवंत बसलेला असतो. स्मृती, अवधान, प्रतिक्रियेला लागणारा वेळ, सगळं तिथेच हजर. मुलाला त्याच्या स्वतःच्या डोक्याचा आकडा काढून दाखवेल ते साधन चांगलं.

या कसोटीवर पहिला नंबर सायटूलकिटचा, आणि त्याच्या मागे बरंच अंतर सोडून बाकीचे. गाइसबर्ट स्टूट या मानसशास्त्रज्ञांनी बनवलेलं हे साधन शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. संकेतस्थळ दिसायला रेल्वेच्या वेळापत्रकासारखं आहे : अक्षरं, दुवे, आणखी अक्षरं. मुलं पहिल्यांदा बघतात तेव्हा तोंड वाकडं करतात. पण आत प्रयोगांचं भांडार आहे. स्ट्रूप, व्हिज्युअल सर्च, सायमन, फ्लँकर, मेंटल रोटेशन, असे अवधान आणि प्रतिक्रियेचा वेळ मोजणारे. दुव्यावर टिचकी मारायची, प्रयोग सुरू. आमच्या विभागातल्या काचेच्या कपाटात मेमरी ड्रम आणि टॅचिस्टोस्कोप (शब्द किंवा चित्र ठरावीक वेळ दाखवणारी जुनी उपकरणं) ठेवलेले आहेत. ते वरच्या वर्गांच्या प्रॅक्टिकलला निघतात आणि एका वेळी एकाच मुलाला वापरता येतात. इथे अख्खी लॅब एकदम प्रयोग करते.

पहिला प्रयोग मी स्ट्रूपचाच लावते. १९३५ साली जॉन रिडली स्ट्रूपने कार्डांवर केलेला. रंगीत चौकोनांचे रंग सांगायला त्याच्या विद्यार्थ्यांना सरासरी ६३.३ सेकंद लागले. एका रंगाचं नाव दुसऱ्याच शाईत छापलेलं असताना शाईचा रंग सांगायला ११०.३ सेकंद. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की 'वाचू नको' असं स्वतःला सांगून भागत नाही. सायटूलकिटवर शाईच्या रंगाप्रमाणे कीबोर्डवरची कळ दाबायची आणि शेवटी तुमच्या वेळेचे आकडे मिलिसेकंदांत समोर येतात. जुळणाऱ्या शब्दांना किती, न जुळणाऱ्यांना किती. या दोहोंतला फरक म्हणजे 'अडथळा'. लॅबमध्ये त्या क्षणी जो गलका होतो तो कुठल्याही स्लाइडने मला कधी मिळवून दिलेला नाही.

आता अडचण. तयार प्रयोगातले शब्द इंग्रजी आहेत. कोथरूडची मुलगी 'रेड' वाचल्याशिवाय राहूच शकत नाही, म्हणून ती अडखळते. करमाळ्याचा मुलगा तो शब्द जरा सावकाश वाचतो, म्हणून त्याचा अडथळाही लहान येतो, आणि तो खूश होऊन म्हणतो, "मॅडम, माझी एकाग्रता जास्त आहे." द्वैभाषिकांवरच्या स्ट्रूप-संशोधनात हे पुष्कळदा दिसलं आहे : जी भाषा अधिक सरावाची, तिच्यात अडथळा मोठा.

इथे सायटूलकिटचा जुनाटपणा उपयोगी पडतो. त्याच्या स्ट्रूप प्रयोगात शब्द म्हणजे खरं तर छोटी चित्रं आहेत. प्रयोगाची संहिता (कोड) साध्या अक्षरांत लिहिलेली असते आणि वरच्या भागात चित्रांच्या फाइलींची यादी असते. लाल, हिरवा, निळा, पिवळा हे चार शब्द चार रंगांत देवनागरीत लिहून सोळा चित्रं बनवायची, त्यांना जुन्या फाइलींचीच नावं द्यायची, मोफत खातं उघडून चढवायची. संहितेतल्या एका ओळीलाही हात लावावा लागत नाही. कळांवर रंगीत टिकल्या चिकटवायच्या. (बोहरी आळीत मिळतात, पत्ताभर घेतल्या तर वर्ष निघतं.) मग एकाच तासात आधी इंग्रजी, नंतर मराठी, निम्म्या मुलांना उलट क्रमाने, म्हणजे सरावाचा फायदा एकाच भाषेला मिळत नाही. क्रम का उलटा केला हे मुलंच सांगतात. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात 'काउंटरबॅलन्सिंग'ची व्याख्या पाठ करून घेण्याची वेळ येत नाही.

देवनागरी फेरीत करमाळ्याच्या गड्याचा आकडा फुगतो. त्याची एकाग्रता कमी झालेली नसते. तो मराठी पटकन वाचतो, एवढंच. हे त्याला मी सांगायच्या आत शेजारचा सांगतो.

दोन सूचना. लाल-हिरवा फरक न दिसणारा मुलगा वर्गात असू शकतो. चारचौघांत त्याची पंचाईत होऊ नये म्हणून आदल्या दिवशी खासगीत विचारून ठेवावं आणि त्याला वेळ नोंदवण्याचं किंवा आकडेमोडीचं काम द्यावं. दुसरं, हे प्रयोग मुख्यतः कीबोर्डसाठी बनवलेले आहेत. फोनवर सगळ्यांना जमेल अशा भ्रमात राहू नका, लॅबचा अर्ज वेळेत द्या. ब्राउझरमधली वेळमोजणी संशोधनाच्या खास उपकरणाइतकी काटेकोर नसते. तरी एकाच माणसाच्या एकाच मशीनवरच्या दोन वेळांमधला फरक बघायला ती पुरेशी आहे.

लॅब मिळाली नाही तर? तर गुगल फॉर्म आणि मेंटीमीटर. दोन्ही फोनवर चालतात, अ‍ॅप लागत नाही.

मेंटीमीटर म्हणजे श्रोत्यांची फोनवरची उत्तरं लगेच पडद्यावर दाखवणारं संकेतस्थळ. लोक ते भाषणाच्या सुरुवातीला "आज कसं वाटतंय" विचारायला वापरतात. त्यातल्या वर्ड क्लाउडचा खरा उपयोग खोट्या आठवणीच्या प्रयोगात आहे. जेम्स डीझने १९५९ मध्ये सुरू केलेला आणि रोडिगर-मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये पुन्हा गाजवलेला हा प्रयोग. मी शांतपणे यादी वाचते : अंथरूण, उशी, पांघरूण, स्वप्न, जांभई, घोरणं, अंगाई, डुलकी, पेंग, गजर, रात्र, पाळणा, विसावा. मग सतराचा पाढा उलटा म्हणायला लावते, म्हणजे कानातले शब्द पुसले जातात. मग फोन उघडून आठवतील ते शब्द टाका. वर्ड क्लाउडमध्ये जो शब्द जास्त जणांनी टाकला तो मोठा दिसतो. पडद्यावर बघता बघता 'झोप' फुगत जाते. यादीत झोप नाहीच! मी यादी पुन्हा वाचते, तरी मागच्या बाकावरून कोणी तरी ठासून सांगतं, "मॅडम, तुम्ही म्हणालात, मी ऐकलं." ही खात्रीच तर दाखवायची असते. रोडिगर आणि मॅकडरमॉट यांच्या दुसऱ्या प्रयोगात न उच्चारलेला शब्द सरासरी ५५ टक्के वेळा आठवला गेला होता, हे आता सांगितलं की मुलांना तो आकडा परका वाटत नाही.

मेंटीमीटरची गोची अशी की एकाच शब्दाची वेगवेगळी रूपं ते वेगळी मोजतं. घोरणं, घोरणे, घोरने असे तीन शब्द पडद्यावर येतात आणि दोघे-तिघे रोमन लिपीत झोप टाकतात ती निराळीच. म्हणून आधी फळ्यावर लिहायचं : देवनागरीत लिहा. फुकटच्या योजनेला मर्यादा आहेत आणि त्या बदलत असतात, तेव्हा मोठा वर्ग असेल तर तासाच्या आधी तपासून घ्या. मर्यादा आड आली तर गुगल फॉर्ममध्ये उत्तरं घ्यायची आणि शीटमध्ये 'झोप' शोधायची. मजा जरा कमी, निष्कर्ष तोच.

गुगल फॉर्ममध्ये मुलांना यदृच्छेने दोन गटांत वाटण्याची सोय नाही. पण उत्तरानुसार वेगळ्या विभागात पाठवण्याची आहे, तिच्यावर काम भागतं. पहिला प्रश्न : तुमची जन्मतारीख सम की विषम? सम असेल तर एका विभागात, विषम असेल तर दुसऱ्या. रोल नंबर वापरू नका. आमच्याकडे तो आडनावावरून लागतो आणि मग कांबळे-कुलकर्णी-कदम शेजारी शेजारी बसलेले असतात. या युक्तीवर मी लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४चा प्रयोग घेते. मूळ प्रयोगात ४५ विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरीच्या फिती दाखवून वेग विचारला होता. प्रश्नातलं क्रियापद जोरकस असलेल्या गटाने सरासरी ताशी ४० मैलांहून जास्त सांगितला, सगळ्यात सौम्य क्रियापदाच्या गटाने ३१.८. यूट्यूबवर अपघातांचे व्हिडिओ पोत्याने पडलेत, पण ते वर्गात लावू नये असं माझं ठाम मत आहे. पुण्यात दुचाकीच्या अपघातात घरचं माणूस गमावलेलं मूल वर्गात नसेलच असं नाही. आम्ही पार्किंगमध्ये दोन विद्यार्थिनींना हळू स्कूटर चालवायला लावून हँडलला हँडल टेकवलेलं चित्रण केलं. एका विभागात "धडकल्या तेव्हा", दुसऱ्यात "घासल्या तेव्हा".

फरक दर वर्षी मूळ प्रयोगाइतका येतो का? नाही. मागच्या बॅचला तर जवळपास आलाच नाही. माझ्या मते तो तास सगळ्यात चांगला झाला. नमुना लहान होता, स्कूटर इतकी हळू होती की वेगाबद्दल शंकेला जागाच नव्हती, शेजारच्याचा फोन बघून दोघांनी प्रश्न ताडला होता. ही कारणं मुलांनीच काढली. प्रयोग पुन्हा केल्यावर तोच निकाल का येत नाही, यावर मानसशास्त्रात गेली काही वर्षं जे घमासान चाललं आहे त्याची चव एफ.वाय.लाच मिळाली तर बरं.

आता पुस्तकं. ओपनस्टॅक्सचं सायकॉलॉजी टेक्सासच्या राइस विद्यापीठाच्या प्रकल्पातून २०१४ मध्ये आलं, दुसरी आवृत्ती २०२० मध्ये. सोळा प्रकरणं, ऑनलाइन आणि पीडीएफ दोन्ही फुकट. परवाना इतका मोकळा आहे की श्रेय दिलं तर भाषांतर करून वाटताही येतं. मी त्यातल्या मेंदूच्या आणि स्मृतीच्या प्रकरणांवरून मराठीत दोन-दोन पानी टिपणं बनवली आहेत. खाली श्रेयाची ओळ टाकते आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सोडते. मुलांना पुस्तकाचा दुवा देऊन "वाचून या" म्हणण्यात अर्थ नाही, हे स्पष्ट सांगते. इंग्रजी सोपं आहे, पण उदाहरणं अमेरिकेची. हायस्कूलचं प्रॉम, बेसबॉल, सॅटची परीक्षा. मुलाला आधी उदाहरण समजावून घ्यावं लागतं आणि मग संकल्पना. शिक्षकाने मात्र ते जरूर जवळ ठेवावं. आप्पा बळवंत चौकातली काही गाइडं फ्रॉइड-पावलोव्ह-स्किनर यांच्या पुढे सरकलेलीच नाहीत, त्यापेक्षा हे कितीतरी ताजं आहे.

मला व्यक्तिशः नोबा जास्त आवडतं. एड डीनर आणि कॅरल डीनर यांच्या निधीतून उभं राहिलेलं हे काम. इथे अखंड पुस्तक नाही, सुटी प्रकरणं आहेत. आपल्याला हवी ती उचलून आपल्या क्रमाने पुस्तक बांधायचं. आणि लिहिणारी माणसं कोण बघा : स्मृतीवरचं प्रकरण मॅकडरमॉट आणि रोडिगर यांचं, साक्षीदारांच्या आठवणींवरच्या प्रकरणात स्वतः एलिझाबेथ लॉफ्टस. वर्गात ज्यांचा प्रयोग केला त्यांचंच लिखाण दुसऱ्या दिवशी हातात देता येतं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चर्चेचे प्रश्न असतात, ते माझ्या ट्युटोरियलला थेट चालतात. नोबाचं साहित्य मात्र विकता येत नाही. क्लासवाल्यांनी लक्षात ठेवावं.

मराठीचं काय, हा प्रश्न उरतोच. ई-बालभारतीवर अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं मराठीतून मोफत आहेत. एफ.वाय.च्या मुलाला ती खालच्या इयत्तेची म्हणून वापरायला लाज वाटते, पण अकरावी सायन्स किंवा कॉमर्स करून आलेल्यांनी हा विषय कधी पाहिलेलाच नसतो, त्यांना मी पहिल्या महिन्यात तीच वाचायला लावते. मराठी विश्वकोशातल्या नोंदी ऑनलाइन आहेत. भाषा जरा भारदस्त, पण वाक्य पक्कं असतं. यापलीकडे पदवीच्या पातळीचं, मराठीतलं, ज्यात विद्यार्थी काही करून बघेल असं ऑनलाइन साधन माझ्या हाती लागलेलं नाही. लागलं असतं तर टिकल्या विकत घ्याव्या लागल्या नसत्या.

मज्जापेशीच्या तासाला कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट. नोबेलविजेते पदार्थवैज्ञानिक कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प शाळांच्या विज्ञानशिक्षकांना माहीत असतो, मानसशास्त्रवाल्यांना नसतो. त्यात 'न्यूरॉन' नावाचं एक सिम्युलेशन आहे. बटण दाबलं की पेशीपटलातली दारं उघडतात, सोडियमचे आयन आत, मग पोटॅशियमचे बाहेर. थांबवता येतं, सावकाश करता येतं, मागे नेता येतं. फाइल उतरवून ठेवली तर इंटरनेटही लागत नाही, आणि पावसाळ्यात पेठेतलं नेट कसं असतं ते सांगायला नको. हे वापरल्यापासून फळ्यावर ती लांबलचक पेशी काढणं मी सोडलं आहे. माझी पेशी नेहमी रताळ्याकडे झुकायची, हे विद्यार्थी तोंडावर सांगतात.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात. क्रॅश कोर्स सायकॉलॉजीचे २०१४चे चाळीस भाग हुशारीने लिहिलेले आहेत, पण हँक ग्रीन ज्या वेगाने बोलतात त्या वेगाने आमच्याकडे फक्त लिलाव पुकारतात. सबटायटल लावून, वेग कमी करून, तीन-चार मिनिटांचा तुकडा दाखवावा. अख्खा भाग लावला की वर्ग पडद्याकडे बघतो आणि काहीच आठवत नाही. येलचे पॉल ब्लूम यांची २००७ची वीस व्याख्यानं खुली आहेत. ती विद्यार्थ्यांपेक्षा आपल्यासाठी : तास कसा बांधावा, विनोद कुठे करावा, हे बघायला. स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन व्यासपीठांवरचे अभ्यासक्रम क्रेडिटसाठी ठीक. २०२१च्या नियमांनी विद्यापीठांना एका सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वरून मान्य करण्याची मुभा आहे, म्हणून मुलं विचारतात. व्याख्याता समोर बसून बोलतो, आपण ऐकतो. माझ्या कसोटीवर ते बसत नाही, पण चिकाटी असलेल्या मुलाला मी अडवत नाही. पिअरसन, मॅग्रॉ-हिल, मॅकमिलन यांच्या अमेरिकी प्रणाली त्या त्या पाठ्यपुस्तकाला जोडलेल्या आणि दर विद्यार्थ्यामागे पैसे घेणाऱ्या. जुनं पुस्तक निम्म्या किमतीत शोधणाऱ्या आमच्या मुलांपुढे तो विषय काढत नाही. सायकोपाय हे प्रयोग बनवायचं सॉफ्टवेअर उत्तम आणि फुकट आहे, पण ते एम.ए.च्या प्रबंधाचं हत्यार.

एका पैसेवाल्या प्लॅटफॉर्मबद्दल मात्र लिहायलाच हवं. नाव घेत नाही. त्यांचा प्रतिनिधी टाय लावून ऑगस्टच्या उकाड्यात स्टाफरूममध्ये आला, चहा घेतला आणि लॅपटॉपवर डॅशबोर्ड उघडला. "मॅम, आमचं एआय आधी विद्यार्थ्याची लर्निंग स्टाइल ओळखतं. व्हिज्युअल, ऑडिटरी की किनेस्थेटिक. मग त्याला त्याच पद्धतीचा कंटेंट." मी विचारलं, मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवलं की तो जास्त शिकतो, याला पुरावा? त्याने समाधानी ग्राहकांची यादी काढली. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं सगळं संशोधन चाळून सांगितलं होतं की अशा जुळवाजुळवीने फायदा होतो असं म्हणण्याजोगा पुरेसा पुरावा नाही. मानसशास्त्राच्या विभागात येऊन मानसशास्त्राने नाकारलेली गोष्ट विकायला धाडस लागतं, ते त्याच्याकडे होतं. प्रश्नपेढीही पाहिली. नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा, असं उत्तर बरोबर धरलेलं! गाडीत सीटबेल्ट लावल्यावर कर्कश आवाज थांबतो म्हणून आपण पट्टा लावायला शिकतो, हे नकारात्मक प्रबलन. त्यात वागणूक वाढते, शिक्षेत कमी होते. पहिल्या सहामाहीतली गोष्ट. विकत घेण्याआधी कुठल्याही प्लॅटफॉर्मच्या प्रश्नपेढीत हा एक प्रश्न शोधा, बाकीचं परीक्षण आपोआप होतं. हीच परीक्षा मी एआय चॅटबॉटांचीही घेते. मराठीत विचारलं तरी व्याख्या आता बरी देतात. संदर्भ मागितले की काही वेळा जगात नसलेले शोधनिबंध झोकात सांगतात. एफ.वाय.ला मी गृहपाठच देते : बॉटकडून पाच उदाहरणं घ्या आणि चुकीचं कोणतं ते ओळखून कारण लिहा.

प्रश्नमंजुषेच्या अ‍ॅप्सवर बरंच लिहिता येईल, पण त्यांच्या मागचं कारण एकच. पुन्हा तेच रोडिगर, या वेळी कार्पिके यांच्याबरोबर, २००६ : उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आठवलं आणि न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्यानंतर चित्र उलटं, ४२ विरुद्ध ५६. अभ्यासिकेत तोच परिच्छेद चौथ्यांदा हायलाइट करणाऱ्या मुलांना हे आकडे मी मोठ्या अक्षरात दाखवते. त्यासाठी कहूट हे चढाओढीचं प्रश्नमंजुषेचं अ‍ॅप लागत नाही. कहूटमध्ये एरवी पटकन उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. म्हणजे प्रश्न इंग्रजीत असला की मी स्मृती मोजते आहे की वाचनाचा वेग, हेच कळेनासं होतं. वातावरण मात्र झकास होतं, सत्राच्या शेवटच्या तासाला ठेवा. बंगळुरूत सुरू झालेलं क्विझिझ, आता वेग्राउंड, प्रत्येकाला आपल्या गतीने जाऊ देतं म्हणून मला जवळचं. आणि दर सोमवारी मागच्या आठवड्याचे पाच प्रश्न मराठीत टाकायला साधा गुगल फॉर्म सगळ्यात टिकाऊ.

फॉर्म बनवताना एक गोष्ट आवर्जून बघा. मानसिक विकारांचं प्रकरण आलं की उत्साही शिक्षक नैराश्याची प्रश्नावली फॉर्मवर चढवतात आणि ईमेल गोळा करण्याची खूण तशीच राहते. मग कोणाला किती गुण पडले याची यादी शिक्षकाच्या शीटमध्ये तयार. असं करू नये, निनावीसुद्धा नको. उत्तर वाचून मदतीला धावता येणार नसेल तर तो प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही. प्रश्नावली कशी बनते हे शिकवायचं तर झोपेच्या सवयींवर बनवा. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात पहिल्याच आठवड्यात लिहून टाका. २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

देवनागरी स्ट्रूपच्या सोळा चित्रांची झिप कोणाला हवी असेल तर कळवा, पाठवते. धुळ्याची एक विद्यार्थिनी यंदा अहिराणी संच बनवते आहे, तोही जमला तर देईन. लॅब मिळवायच्या अर्जाचा नमुना मात्र मागू नका, तो ज्याच्या त्याच्या कॉलेजात ज्याचा त्याने शोधावा.